वाचकांचे प्रश्न : अर्निसची काठी हातात घेताना

मागच्या अंकात फिलिपिन्समधल्या पारंपरिक काठीयुद्धाची, म्हणजे अर्निसची, ओळख करून दिली होती. नव्या माणसाने पहिले काही महिने काठी गरगर फिरवण्यापेक्षा समोरच्यापासूनचं अंतर ओळखायला शिकावं, असं आम्ही त्यात लिहिलं होतं. त्यावर पुणे आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रं आली. काहींनी सरावाला सुरुवातही केली आहे आणि मनगट, कोपर, बोटं दुखू लागल्यावर पत्र लिहिलं आहे. प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरं देत आहोत.

अर्निस, एस्क्रिमा आणि काली या तीन वेगळ्या विद्या आहेत का? पुण्यात यांपैकी काय शिकावं? (कोथरूड)

पाया एकच आहे. काठी, सुरा आणि रिकामा हात यांची चाल एकाच तत्त्वावर शिकवायची, ही या सगळ्यांची पद्धत. फरक आहे तो घराण्यांचा. सेबू बेटावरच्या सेबू शहरात १९३२ मध्ये 'दोसे पारेस' ही संस्था स्थापन झाली, तिथे कान्येते कुटुंबाने ही विद्या वाढवली. त्याच शहरात वेनान्सियो बाकोन यांनी १९५२ मध्ये 'बालिंतावाक'ची सुरुवात केली. एकच काठी आणि अगदी जवळचं अंतर हे त्या घराण्याचं वैशिष्ट्य. नेग्रोस बेटावरचे रेमी प्रेसास यांनी 'मॉडर्न अर्निस'ची मांडणी केली. शिकताना हाडं मोडू नयेत म्हणून काठीवर काठी मारून सराव करायचा, यावर त्यांचा भर होता. फिलिपिन्सच्या संसदेच्या कायद्याने २००९ च्या डिसेंबरात अर्निसला राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय खेळाचा दर्जा मिळाला.

नव्या माणसाने नावापेक्षा वर्ग पाहावा. पहिल्याच दिवशी दोन काठ्या देऊन वेगात टकाटक वाजवायला लावणाऱ्या वर्गात दिखाऊ हालचाली लवकर येतात, पण अंतराची समज येत नाही. शिक्षक विद्यार्थ्यांच्या पायांकडे बघतात का, जोड्यांमध्ये पुरेशी जागा सोडतात का, डोळ्यांना चष्मा लावायला सांगतात का, हे तासभर बाजूला बसून पाहिलं तरी कळतं.

काठी कोणती आणावी? घरी बांबूची आहे, चालेल का? (सदाशिव पेठ)

जोडीच्या सरावाला बांबू अजिबात वापरू नका. बांबू आतून पोकळ असतो आणि उभा चिरतो. काठीवर काठी आदळली की त्याची कूस निघते, ती डोळ्यात किंवा बोटात जाते. वेत आतून भरीव आणि तंतुमय असतो. फटके बसत गेले की तो कुंचल्यासारखा पिंजतो, पण फुटून टोकदार होत नाही. फिलिपिन्समध्ये सरावाची काठी वेताचीच असते, ती याच कारणाने. कामागोंग किंवा बाही या जड लाकडांच्या काठ्याही तिथे असतात, पण त्या एकट्याने हात बळकट करण्यासाठी. जोडीदारावर त्या चालवल्या तर मनगटाचं हाड जायला वेळ लागत नाही.

लांबी २८ इंच हे सर्वसाधारण माप आहे. उंची पाच फुटांच्या आत असेल तर २६ इंच घ्या. आणखी एक जुनी खूण : काठी काखेत धरून हात सरळ पुढे केला की तिचं टोक बोटांच्या टोकांच्या आसपास यावं. जाडी पाऊण ते एक इंच. अंगठा आणि मधलं बोट काठीभोवती फिरून एकमेकांना जेमतेम भिडावीत. बोटं तळव्यात रुतत असतील तर काठी बारीक आहे, बोटांमध्ये फट राहत असेल तर जाड आहे. अशी एक इंच जाडीची सुकी काठी साधारण १८० ते २४० ग्रॅम भरते. त्याहून बरीच हलकी लागली तर वेत कोवळा किंवा फोपसा असतो आणि महिन्याभरात पिंजतो.

बुरूड आळीत किंवा वेताचं फर्निचर करणाऱ्यांकडे वेत मिळू शकतो, पण फर्निचरचा वेत अनेकदा साल काढलेला आणि बारीक असतो. मागताना 'सालासकट, एक इंची, सरळ' असं सांगा. पेरं एकमेकांपासून लांब असलेला वेत निवडा, कारण पेराजवळ तो कमी लवचिक असतो. घरी आणल्यावर २८ इंचांवर करवतीने कापा, दोन्ही टोकांच्या कडा कानसेने गोल करा, पेरांचे उंचवटे पॉलिश पेपरने घासा. वाकडा असेल तर वाकलेला भाग गॅसच्या मंद आचेवर फिरवत गरम करा आणि जाड कापडाने धरून हळूहळू सरळ करा. एकाच जागी आच लागली तर तिथे तो जळून ठिसूळ होतो. टोकाकडचा एक तृतीयांश भाग विजेच्या कामाच्या काळ्या टेपने एकपदरी गुंडाळला तर साल उशिरा पिंजते. मुठीच्या जागी टेप लावू नका, घामाने ती सरकते.

पुण्याचा एप्रिल-मेचा कोरडेपणा वेताला सोसत नाही. वर्षातून दोनदा अळशीच्या तेलाचा हात फिरवा आणि रात्रभर सावलीत टांगून ठेवा. पावसाळ्यात उलटं : काठ्या कपाटात कोंबल्या तर बुरशी धरते.

पंधरा दिवस रोज अर्धा तास आठचा आकडा काढतोय. मनगट आणि कोपराची बाहेरची बाजू दुखते. (हडपसर)

कोपराच्या बाहेरच्या बाजूचं हे दुखणं टेनिस खेळणाऱ्यांना होतं त्याच जातीचं आहे. मनगट मागे वळवणाऱ्या स्नायूंचा कंडरा तिथे हाडाला चिकटतो आणि घट्ट मूठ धरून झटके दिले की तिथेच ताण येतो. दहा दिवस काठी बंद ठेवा. पायांचा सराव चालू राहू द्या. त्यानंतरही कप उचलताना कळ येत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, अंगावर काढू नका.

परत सुरुवात करताना पकड तपासा. काठीच्या खालच्या टोकाकडून एक मूठ जागा सोडा, म्हणजे तळाला तीन-साडेतीन इंच काठी बाहेर राहील. या भागाला 'पुन्यो' म्हणतात. जवळच्या झटापटीत तोच हत्यार होतो, म्हणून तो नसलेली पकड अपुरी. अंगठा काठीवर उभा ठेवू नका, बोटांवरून वळवून घ्या. उभा अंगठा दिसायला नेम धरल्यासारखा वाटतो, पण फटका आदळला की काठी त्याच बाजूने निसटते आणि अंगठ्याच्या सांध्याला हिसका बसतो. करंगळी, अनामिका आणि मधलं बोट ही काठी धरणारी बोटं. तर्जनी आणि अंगठा नुसते साथीला. एरवी पकड सैल, आदळण्याच्या क्षणी घट्ट, पुन्हा सैल. सतत घट्ट धरलेल्या मुठीने कोपर दुखतं, सतत सैल धरलेल्या मुठीतून काठी उडते.

दुसरी चूक बहुतेक सगळ्यांची होते. हवेत फटका मारताना समोर काहीच नसतं, मग काठी थांबवायला कोपर खाडकन सरळ केलं जातं. शंभर वेळा असं झालं की सांधा बोलू लागतो. फटक्याच्या शेवटी कोपर थोडं वाकलेलंच राहिलं पाहिजे. काठी थांबवायची नाही, ती अंगावरून पुढे जाऊ द्यायची : उजव्या खांद्यावरून निघालेली काठी डाव्या कमरेपर्यंत जाते आणि तिथूनच पुढचा वार सुरू होतो. जोर कमरेच्या वळण्यातून आणि मागच्या पायाच्या टाचेतून येतो. टाच जमिनीवर वळली नाही तर सगळा भार खांद्यावर आणि कोपरावर येतो. आरशासमोर उभं राहून बघा, काठी फिरते पण नाभी जागची हलत नसेल तर फटका नुसत्या हाताचा आहे.

पहिले दोन आठवडे एका हाताचे २० वार, मग दुसऱ्या हाताचे २०, अशा तीन फेऱ्या पुरेशा आहेत. डाव्या हाताला तेवढाच वेळ द्या.

बारा वारांचे आकडे पाठ होतात, पण समोर माणूस आला की गोंधळ होतो. शिवाय मी डावखुरा आहे. (औंध)

आकडे हे वारांच्या दिशेचे आहेत, ते हालचाल म्हणून पाठ झाले पाहिजेत, यादी म्हणून नाही. घराण्यागणिक क्रम बदलतो. मॉडर्न अर्निसचा क्रम असा. पहिला वार समोरच्याच्या डाव्या कानशिलावर, दुसरा उजव्या. तिसरा डाव्या बाजूला, कोपर आणि बरगड्यांच्या उंचीवर, चौथा त्याच उंचीवर उजव्या बाजूला. पाचवी टोच पोटात. सहावी टोच छातीच्या डाव्या भागात, सातवी उजव्या. आठवा वार उजव्या गुडघ्यावर, नववा डाव्या. दहावी टोच डाव्या डोळ्याकडे, अकरावी उजव्या, आणि बारावा वार सरळ टाळूवर.

लक्षात ठेवण्याची युक्ती अशी की वार जोड्यांनी येतात. पहिला जिथे संपतो तिथून दुसरा निघतो, तिसरा-चौथा तसेच. आठव्या-नवव्याला मात्र बाजू उलटते, आधी उजवं गुडघं आणि मग डावं. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. म्हणून सुरुवातीला पहिले पाचच घ्या. ते हळू, मनात आकडा न मोजता यायला लागले की पुढे जा.

भिंतीवर खडूने माणसाच्या आकाराची रेघ काढा आणि काठी न टेकवता प्रत्येक जागेच्या एक वीत अलीकडे थांबवा. नेम आणि ताबा दोन्ही एकदम येतात. आणखी एक गोष्ट : वार कानशिलाचा असला तरी खऱ्या अंतरावर तिथे पोहोचण्याआधी समोरच्याचा हत्याराचा हात वाटेत येतो. जुने फिलिपिनो शिक्षक त्या हातावरच वार करायला शिकवतात. हात गेला की काठी गेली. शरीराच्या बारा जागा शिकतानाही डोळ्यांनी त्याच्या मुठीचा माग ठेवा.

डावखुऱ्यांसाठी : तुम्ही 'पहिला' म्हणून तुमचा सरळ हाताचा वार मारलात तर तो समोरच्याच्या उजव्या कानशिलावर जातो, म्हणजे त्याच्या हिशेबाने दुसरा. सरावाआधी जोडीदाराशी ठरवून घ्या, की आकडा जागेचा आहे की हाताचा. हे न ठरवल्यामुळे नव्यांच्या वर्गात डोक्यावर टेंगळं येतात.

पायांचा त्रिकोण नेमका कसा टाकायचा? व्हिडिओत तो कळत नाही. (सिंहगड रस्ता)

हा प्रश्न आल्याचा आम्हाला विशेष आनंद झाला, कारण बहुतेक जण तो विचारतच नाहीत.

गच्चीवर खडूने इंग्रजी 'व्ही'चं चिन्ह काढा, दोन्ही रेघा ६० सेंटिमीटरच्या. टोकावर दोन्ही पाय जवळ ठेवून उभे राहा, 'व्ही'ची उघडी बाजू समोरच्याकडे. समोरच्याचा उजव्या हाताचा पहिला वार तुमच्या डाव्या कानशिलाकडे येतो, तेव्हा उजवा पाय उजव्या रेघेच्या टोकावर टाका आणि डावा त्याच्या मागून, अर्ध्या पावलाच्या अंतरावर ओढून घ्या. तुम्ही वारापासून लांब गेलात, पण माणसाच्या जवळही आलात. दुसऱ्या वाराला डावीकडे तसंच. पाऊल टाकून होईपर्यंत काठी दोघांच्या मध्ये उभी, टोक वर, आणि मोकळा डावा हात छातीसमोर. तो हात मांडीशेजारी लोंबकळत राहिला की जवळच्या अंतरावर तुम्ही अर्धेच उरता.

इथे तीन गोष्टी बिघडतात. पाय तिरका न जाता नुसता बाजूला जातो, मग वार चुकतो पण तुमची काठी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कमरेपासून वरचं अंग झुकतं आणि पाय जागेवरच राहतात, मग दुसऱ्या वाराला हलता येत नाही. तिसरी म्हणजे पावलांची कैची : मागचा पाय पुढच्याला ओलांडतो आणि जरा धक्का लागला की तोल जातो. परीक्षा सोपी आहे. जोडीदाराला काठीचं टोक तुमच्या नाकासमोर धरून स्थिर उभं करा. पाऊल टाकल्यावर ते टोक तुमच्या अंगाच्या रेषेबाहेर गेलं पाहिजे आणि तुमची काठी त्याच्या मुठीला हळूच टेकली पाहिजे. दोन्हींपैकी एकच झालं तर पावलाचा कोन बदला.

याच सरावात तीन अंतरं शिकून घ्या. 'लार्गो' म्हणजे तुमची काठी फक्त त्याच्या हातापर्यंत पोहोचते. 'मेदियो'मध्ये काठी अंगापर्यंत जाते आणि तुमचा मोकळा हात त्याच्या हत्याराच्या हाताला लागतो. 'कोर्तो'मध्ये मोकळा हात त्याच्या अंगाला लागतो आणि पुन्यो, कोपर, गुडघा हे सगळं चालतं. जोडीदाराने मागे-पुढे चालत राहावं आणि तुम्ही प्रत्येक पावलाला अंतराचं नाव मोठ्याने म्हणावं. काठी उचलायचीही नाही. दहा मिनिटांचा हा सराव कंटाळवाणा वाटतो, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. मेदियोला नवा माणूस सगळ्यात जास्त रेंगाळतो आणि तिथेच दोघांनाही मार बसतो. आत तरी जा, बाहेर तरी या.

दोन काठ्यांच्या सिनावलीत, म्हणजे जोडीत ठरलेल्या क्रमाने काठ्या भिडवताना, माझ्या बोटांवर सारखा मार बसतो. (डेक्कन)

अंतर कमी पडतंय. दोघांच्या काठ्या वरच्या एक तृतीयांश भागात एकमेकींना भिडल्या पाहिजेत. मध्यावर भिडत असतील तर अर्धं पाऊल मागे सरका, मुठीजवळ भिडत असतील तर सराव थांबवा आणि पुन्हा उभे राहा. उभं राहण्याचं माप : दोघांनी हात अर्धवट वाकवून काठ्या समोर धराव्यात, टोकाखालची एक वीत एकमेकींवर यावी.

सहा फटक्यांची सिनावली अशी. उजवी काठी उजव्या खांद्यावर, डावी काठी उजव्या काखेखाली. एक : उजव्या हाताचा सरळ वार, काठी डाव्या खांद्याकडे जाते. दोन : डाव्या हाताचा उलटा वार, काखेखालून निघून काठी डाव्या खांद्यावर. तीन : उजव्या हाताचा उलटा वार, आणि तो मारून उजवी काठी तिथूनच परत डाव्या काखेखाली. आता सगळं आरशातल्यासारखं उलटं झालं. चार, पाच, सहा हेच डाव्या हाताने सुरू करून. सहाही वार डोक्याच्या उंचीवर ठेवले तर त्याला 'हेवन सिक्स' म्हणतात. प्रत्येक बाजूचा मधला वार गुडघ्याच्या उंचीवर नेला की 'वर-खाली-वर' होतं.

अडतं ते तिसऱ्या वाराला. काठी काखेखाली परत न गेल्यामुळे चौथ्याला दोन्ही हात एकमेकांत अडकतात. म्हणून तीन वार, थांबा, काठ्या कुठे आहेत ते बघा, मग पुढचे तीन, असा सराव एकट्याने आठवडाभर करा. जोडीत उतरल्यावर वेग हळू असणाऱ्याचा धरायचा. दुसरा वेग वाढवतो, पहिला घाबरून काठी आपल्या अंगाजवळ ओढतो आणि मूठ पुढे राहते. बोटं तिथे सापडतात. आणि जोडीदाराच्या काठीवर नजर लावू नका, गळ्याखाली छातीवर ठेवा. दोन्ही खांदे तिथून दिसतात.

गच्चीवर सकाळी सहाला सराव करणाऱ्यांना एक विनंती. वेताचा आवाज दोन इमारतींपलीकडे जातो. एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम बारीक वेतावर चढवून टेप गुंडाळा, शेजारीही सुखी राहतात. गाभ्याला पीव्हीसी पाइप वापरू नका, तो मोडला की धारदार होतो.

लहानपणापासून लाठी आणि दांडपट्टा शिकलो आहे. त्याचा उपयोग होईल की अडथळा? (धायरी)

उपयोग पुष्कळ होईल. पवित्रा, नजर, अंगाचं वळण, भोवतीच्या माणसांचं भान, हे तुमच्याकडे आधीच आहे. जे सोडायला वेळ लागेल तेवढं सांगतो.

लाठी दोन हातांची आणि माणसाच्या उंचीच्या आसपासची. तिचं वर्तुळ मोठं असतं आणि तुम्ही अनेकांना लांब ठेवायला शिकलात. २८ इंची काठी हे एका माणसाच्या जवळ जाण्याचं हत्यार आहे. लाठीचं मोठं वर्तुळ लहान काठीने काढलं तर वार संपेपर्यंत तुमची छाती उघडी राहते. काठी स्वतःच्या खांद्याच्या रुंदीबाहेर फार जाऊ देऊ नका.

पट्ट्याचं वेगळं आहे. पट्ट्याचा हात कोपरापर्यंत खोबणीत असतो, मनगट वळतच नाही, चाल खांद्यातून आणि कोपरातून येते. अर्निसमध्ये मनगट मोकळं आहे आणि 'अबानिको'सारखे पंख्याच्या चालीचे वार केवळ मनगटातून निघतात. पट्टा खेळणाऱ्यांचे मनगटाचे स्नायू त्या कामाला तयार नसतात, म्हणून अबानिको दिवसाला वीस-पंचवीसच्या वर नको, निदान पहिला महिना.

फरी-गदगा कुणी खेळलं असेल तर तो सगळ्यात जवळचा. एका हातात चामडं मढवलेला सोटा, दुसऱ्यात लहान ढाल, आणि दोन्ही हात सतत कामात. अर्निसच्या मोकळ्या हाताला तीच सवय लागते, फक्त तिथे ढाल नसते. म्हणून त्या हाताने काठी अडवायची नाही. समोरच्याच्या मनगटाला किंवा कोपराला हात लावून वार अडकवायचा.

नऊ वर्षांच्या मुलीला शिकवता येईल का? (वडगाव शेरी)

येईल. वर फोम असलेली २२ ते २४ इंचांची काठी द्या, आणि डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा अगदी एकट्याच्या सरावातही. टोचा शिकवू नका. पावलांचे खेळ आणि पहिले चार वार पुरेसे आहेत. फटका जोरात मारल्याबद्दल शाबासकी देऊ नका, अचूक थांबवल्याबद्दल द्या.

काठी हिसकावून घेणं आणि खरी लढत कधी शिकायची? (विमाननगर)

काठी हिसकावण्याचे प्रकार बघायला आकर्षक असतात, म्हणून सगळ्यांना लवकर हवे असतात. त्यांच्यामागचं तत्त्व साधं आहे : मुठीची कमजोर बाजू म्हणजे अंगठा आणि बोटं जिथे भेटतात ती. काठी त्या दिशेने वळवली की मूठ उघडते. पहिल्या वारावरचा प्राथमिक प्रकार असा. पाऊल उजवीकडे तिरकं, आपल्या उभ्या काठीने वार अडवा, त्याच क्षणी मोकळा हात त्याच्या मनगटावर, मग तोच हात सरकवून त्याच्या मुठीलगत काठी पकडा आणि आपल्या काठीने त्याच्या मनगटावर दाब देत काठी त्याच्या अंगठ्याकडे फिरवा. मुठीपासून लांब पकडलंत तर त्याच्याकडे तुमच्याइतकीच तरफ राहते आणि नुसती ओढाओढ होते. वार न अडवता थेट काठी पकडायला गेलात तर बोटं मोडतील. जोडीदार सहकार्य करतोय तोवर हे सगळं जमतं, म्हणून त्याने मध्येच वार परत ओढून घ्यावा, असंही करून बघा. ओढलेली काठी पकडता आली नाही तर पाठलाग नको, हातावर वार करा.

लढतीचे दोन प्रकार आहेत. फोमच्या काठीची, आणि चिलखतासारखं जाड जॅकेट, जाळीचं शिरस्त्राण आणि हातमोजे घालून खऱ्या वेताची. २०१९ च्या आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धा फिलिपिन्समध्ये झाल्या, तिथे दोन्ही प्रकार होते. सुरुवात फोमनेच करा, तीही फक्त लार्गो अंतरावर आणि फक्त कोपराखालच्या हातावर, ३० सेकंदांच्या फेऱ्यांत. क्रिकेटच्या बॅटिंगचे मोजे फोमच्या काठीला पुरतात, वेताला नाही, कारण अंगठ्याच्या आणि बोटांच्या कडा उघड्या राहतात. तलवारबाजीचा मुखवटाही वेताच्या फटक्यासाठी बनवलेला नसतो. त्याला मागून डोकं झाकलेलं नसतं आणि जाळी आत दबते.

लढतीला तयार आहात का, हे वेगावरून ठरत नाही. दमल्यावरही पाय तिरके पडतात का आणि काठी ठरवलेल्या जागी थांबते का, एवढं पाहा.

घरी छत नऊ फूट आहे. जागा किती लागते? काठ्या बसमधून नेल्या तर पोलीस अडवतील का? (कर्वेनगर)

खांद्यापासून काठीच्या टोकापर्यंत साधारण सव्वा मीटर होतं, त्यात पाऊल धरा. एकट्याला तीन मीटर लांब-रुंद जागा हवी. जोड्या असतील तर एकीपासून दुसरी चार मीटर लांब. नऊ फुटांच्या छताला पंखा आणि ट्यूबलाइट असतील तर बारावा वार घरात नकोच.

प्रवासाचं म्हणाल तर, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघतात आणि त्यात सार्वजनिक ठिकाणी सोटे, लाठ्या, काठ्या बाळगण्यावर बंदी असते. सण-उत्सव, निवडणुका, मोर्चे यांच्या आगेमागे असे आदेश हमखास निघतात. आदेश लागू असताना बॅगेत झाकलेली काठीही काठीच, म्हणून त्या दिवसांत त्या वर्गाच्या जागीच ठेवून या. एरवीही बंद बॅगेतून न्या, टेकडीवर किंवा बागेत फिरायला आलेल्यांच्या मध्ये काढू नका. सोसायटीची गच्ची किंवा वर्गाचा हॉल हीच योग्य जागा.

काठी पिंजली की टाकून द्यायची का? (बिबवेवाडी)

नुसती पिंजली असेल तर नाही. सुटे तंतू कात्रीने कापा, टेप बदला, चालेल. टाकायची ती या खुणांवर : मुठीच्या जवळ आडवा तडा, दोन हातांनी वाकवली की करकर आवाज, किंवा जमिनीवर आपटल्यावर टणक नादाऐवजी बद्द आवाज. पिंजलेला भाग काठीच्या एकाच बाजूला असेल तर काठी मुठीत अर्धा फेरा फिरवून धरत जा, आयुष्य बरंच वाढतं. मोडीत काढलेल्या काठीचा धड भाग १० ते १२ इंचांवर कापा, टोकं गोल करा. पुढे 'एस्पादा इ दागा', म्हणजे एका हातात काठी आणि दुसऱ्यात सुरा, हा सराव सुरू झाला की सुऱ्याच्या जागी हेच तुकडे लागतात.